पेत्राच्या घरची माणसे



जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा ‘सागर रविवार’ म्हणून पाळते. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर हा दिवस जरा अवघड वेळी येतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, ओट्यावर बसून जाळी सांधण्याचे काम चालू असते आणि वर्षातून या एकाच वेळी आपले कोळीबांधव सलग दोन महिने घरी सापडतात. त्यामुळे समुद्रावर जाणाऱ्यांसाठी आपण प्रार्थना करतो तेव्हा त्यांतले बरेचजण देवळात पहिल्या बाकांवर, खरे सांगायचे तर मागच्या दरवाजाजवळ, स्वतःच हजर असतात.

परंतु आपल्या धर्मग्रामात दुसरेही दर्यावर्दी आहेत आणि ते आज येथे नाहीत. कोणी तेलवाहू टँकरवर मोटरमन आहे, कोणी मालवाहू जहाजावर बोसन, कोणी क्रूझवर स्वयंपाकी, दोघे-तिघे इंजिनियर. ‘तो शिपवर असतो’ एवढेच आपण त्यांच्याविषयी बोलतो. त्यांच्या घरच्या स्त्रिया दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेमागच्या खोलीत जमतात. आपल्या मंडळाला त्यांनी अजून नाव दिलेले नाही. गावाने मात्र दिले आहे. ‘शिपवाल्यांच्या बायकांचा क्लब’, असे लोक म्हणतात आणि म्हणताना जरा हसतात.

गेल्या महिन्यात या क्लबविषयी आम्हांला एक पत्र आले. देवळाच्या खोलीत हाउजी खेळली जाते, हसण्या-खिदळण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, नवरे तिकडे लाटांशी झुंजत असताना यांच्या सहली निघतात. तेव्हा ती खोली काढून घेऊन शिकवणीवर्गाला भाड्याने द्यावी, असे त्यात सुचवले होते. पत्राखाली सही नव्हती. निनावी पत्रांना उत्तर देण्याची आमची रीत नाही. पण खोलीचा विषय पॅरिश कौन्सिलपुढे येणार आहे, आणि तो येण्यापूर्वी आम्हांला काही सांगायचे आहे. त्यातले थोडे आमच्याच विरुद्ध आहे.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाची कथा आपल्याला पाठ आहे. संध्याकाळ झाली होती, शिष्य येशूला घेऊन पलीकडच्या तीराकडे निघाले, वारा सुटला, होडी पाण्याने भरू लागली, आणि प्रभू मागच्या बाजूस उशी घेऊन झोपला होता. आम्ही प्रवचनकार दर वेळी तुम्हांला त्या होडीत बसवतो. आज जरा खाली उतरा. आपण कफर्णहूमच्या किनाऱ्यावर उभे राहू.

याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू पेत्राच्या घरी जातो आणि तापाने अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या सासूला बरे करतो. सासू आहे म्हणजे पत्नी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात संत पौल तिचा ओझरता उल्लेखही करतो. वादळाच्या त्या रात्री ही बाई कोठे होती? शुभवर्तमान काही सांगत नाही. मासेमाराच्या घरातली ती. वारा फिरला की कान टवकारायचे हे तिला कोणी शिकवावे लागले नसणार. आता एक गोष्ट लक्षात घ्या. वादळ शमल्याचे होडीतल्या बारा जणांना त्याच क्षणी कळले. तिला ते केव्हा कळले? होडी परतली नव्हती, ती पलीकडच्या परक्या मुलुखात जाऊन लागली होती. प्रभूने वाऱ्याला गप्प केले तरी कफर्णहूमच्या त्या घरातले वादळ होडी माघारी येईपर्यंत चालूच राहिले असणार. मार्क आणखी एक बारीक नोंद करतो, जिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. त्या रात्री सोबत इतरही होड्या होत्या. म्हणजे जागी राहिलेली घरेही एकाहून अधिक होती. त्या बाया एकमेकींच्या ओट्यावर येऊन बसल्या असतील का? आम्हांला वाटते, बसल्या असतील.

आता आमचा दोष सांगतो. या क्लबचा जन्म २०२० सालच्या करोनाकाळात झाला. त्या वर्षी बंदरे बंद झाली, विमाने थांबली, आणि करार संपलेल्या खलाशांना जहाजावरून उतरता येईना. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख दर्यावर्दी असे अडकून पडले होते. करारानुसार सहा-आठ महिन्यांत परतायचे ते वर्ष उलटले तरी समुद्रावरच राहिले. पोप फ्रान्सिस यांनी १७ जून २०२० रोजी दर्यावर्दींसाठी खास ध्वनिचित्र संदेश दिला होता, तो याच कारणाने. त्या दिवसांत आपल्या गावातील चार-पाच स्त्रिया फोनवरून एकमेकींना गाठू लागल्या. कोणाच्या कंपनीचा काय निरोप आला, कोणते बंदर उघडले, कोणाचा फोन लागत नाही, हे विचारता विचारता ओळखी झाल्या. निर्बंध उठल्यावर त्या आमच्याकडे खोली मागायला आल्या.

आम्ही नकार दिला. अगदी सभ्यपणे दिला. धर्मग्रामात महिला मंडळ आहे, वाडीवाडीत लघु ख्रिस्ती समूह आहेत, आणखी एक चूल कशाला मांडता, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांच्यातली एकजण म्हणाली, “फादर, महिला मंडळाची मीटिंग सातला सुटते. सुटली की सगळ्या घाईघाईने घरी पळतात; नवरा कामावरून यायची वेळ झालेली असते. आम्हांलाच घाई नसते. मग आम्ही खुर्च्या उचलत बसतो.”

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. तरीही किल्ली द्यायला आम्ही आणखी चार महिने लावले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या धर्मगुरूचा धर्मग्रामाला थोडा त्रास असतोच, तो आज सहन करा. ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना अंतराचा प्रश्न घेतला आहे. त्याचे म्हणणे असे की, दूर गेल्याने मैत्री तुटत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो. पण दुरावा फार लांबला तर माणसे मैत्री विसरतात असे दिसते. मैत्री ही त्याच्या मते एकत्र जगण्यात असते. सागरी नोकरीतल्या कुटुंबाचे सगळे दुखणे या विचारात आले आहे. प्रेम आटते असे नाही. व्यवहार थांबतो. आज व्हिडिओ कॉल आहेत. सागरी कामगार करारात झालेल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून लागू असलेल्या दुरुस्त्यांनी जहाजावर इंटरनेटची सोय देण्याकडेही लक्ष पुरवले आहे. ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. पण फोनवर पोराचा चेहरा दिसतो, त्याची उतरलेली चप्पल दिसत नाही.

म्हणून या खोलीत सर्वांत जास्त बोलणे होते ते नवरा घरी आल्यावरच्या दिवसांविषयी. बाहेरच्यांना याचे नवल वाटते. तो आला म्हणजे सुख, असे आपण समजतो. पण सात महिने घर एका माणसाने चालवलेले असते. मुलाने सहलीच्या फॉर्मवर सही आईकडे मागायची, गॅसचा नंबर आईने लावायचा, सासऱ्यांना दवाखान्यात आईने न्यायचे, अशी सवय पडलेली असते. मग घरचा धनी येतो आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात मीठ कोठे आहे ते विचारतो. पहिल्या आठवड्यात त्याचा पाहुणचार होतो. दुसऱ्या आठवड्यात तो मुलांना शिस्त लावायला घेतो आणि मुले आईकडे पाहतात. तिसऱ्या आठवड्यात तो फाटक रंगवायला काढतो, कारण त्याला हाताला काम हवे असते. यात दोष कोणाचाच नाही. पण हे सोसणाऱ्या बाईला वाटत असते की, हे माझ्याच घरी होते, मीच कुठे तरी कमी पडते. खोलीतल्या दहाजणी ‘आमच्याकडेही फाटक रंगवून झाले’ असे म्हणून हसतात तेव्हा तिचे ओझे निम्मे होते. पत्रलेखकाने रस्त्यावरून ऐकले ते हसणे बहुधा हेच असावे.

दुसरा विषय पैशाचा. दर्यावर्दीच्या पगाराचा ठरावीक भाग घरी पाठवला जातो. तो आईच्या खात्यात जावा की पत्नीच्या, यावरून आपल्या धर्मग्रामातील किती घरांत अबोला आहे हे आम्हांला माहीत आहे. आईने अंगावरचे मोडून मुलाला प्रशिक्षणाला पाठवलेले असते. तिचाही हक्क खोटा नाही. कागदावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे तर अनेक सुनांना ठाऊकच नसते. म्हणून या क्लबने पुढे सासवांनाही बोलावले. पहिल्या खेपेस दोनच आल्या. आता सहा-सात येतात आणि हाउजीत त्याच जास्त जिंकतात, अशी तक्रार आहे.

पुरुषांना असे ठिकाण फार पूर्वीपासून मिळाले आहे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या लोकांचे जुने ‘कूड’ आहेत. गोव्याहून आलेला तार्वटी बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात राही. तेथे एक पेटी ठेवायला जागा, अंथरूण टाकायला जागा, गावच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांची मिळून रोझरी. गाव बरोबर घेऊनच तो समुद्राच्या दारापर्यंत येई. ती फार शहाणी व्यवस्था होती. मात्र त्याच वेळी गोव्यातल्या घरात जी रोझरी चाले, ती तार्वट्याची बायको सासू-मुलांसह चार भिंतींच्या आत म्हणत असे. तिच्यासाठी कोणी कूड बांधला नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सारे लिहिले. संबंधित भगिनीने ती लिहायची परवानगी दिली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचे जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगरून पडले. मालकाने पगार थांबवला. एक महिना, दोन महिने, तीन महिने. पुढे जहाजावर शिधा आणि गोडे पाणीही कमी येऊ लागले. तिने घरी कोणाला सांगितले नाही, माहेरीही नाही. गावाला वाटत होते की हिच्याकडे डॉलर येतात. त्या समजुतीचीच तिला लाज वाटू लागली होती. फीसाठी तिने बांगड्या विकल्या आणि तशाच दिसणाऱ्या खोट्या घातल्या. त्या तीन महिन्यांत ती दर रविवारी मिस्साला येत होती. दारात आम्ही तिच्याशी हस्तांदोलन करीत होतो. “कसे काय, सर्व ठीक?” “ठीक, फादर.” तो हात आमच्या हातात होता आणि त्यातली बांगडी आम्ही पाहिली नाही.

हाउजीच्या टेबलावर मात्र पाहिली गेली. ज्या बाईचा नवरा निवृत्त होऊन घरी बसला आहे, अशी एक वयस्क भगिनी तिच्या शेजारी बसते. तिने आकडे खोडता खोडता हळूच विचारले, “काय गं बाय, किती महिने झाले?” एवढेच. काय झाले, असे तिने विचारले नाही. तिच्या उमेदीच्या काळात तिच्यावरही हीच पाळी आली होती, म्हणून तिला प्रश्न नेमका ठाऊक होता.

पुढचे आठ दिवस या बायकांनी जे केले, ते आमच्याने झाले नसते. नवऱ्याच्या कराराची प्रत, सीडीसीची प्रत, जहाजाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, ज्या एजंटमार्फत तो गेला त्याची कागदपत्रे, सर्व एका फायलीत लावले. तिघीजणी तिला घेऊन लोकलने दादरला उतरल्या, गाडी बदलून कांजूरमार्गला नौवहन महानिदेशालयात गेल्या. खलाशांच्या संघटनेकडे वेगळा अर्ज दिला. त्यांना काय मागायचे ते माहीत होते. सागरी कामगार करार, २००६ हा भारताने २०१५ साली स्वीकारला आहे. त्यातील १८ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार दोन महिने पगार थकला तर मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले असे धरता येते, आणि जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, शिधापाणी व घरी परतण्याचा खर्च मागता येतो. अट एवढीच की जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली चालते त्या देशाने करार मान्य केलेला असावा. हे त्यांनी वकिलाकडून शिकलेले नाही. २०२० साली फोनवर एकमेकींना वाचून दाखवलेले आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे याच कराराने निषिद्ध आहे, हेही त्यांनीच आम्हांला सांगितले. आपल्या तरुणांपैकी कितीजणांनी एजंटला लाखांत रक्कम मोजली आहे, हे आम्ही येथे लिहीत नाही; त्यांच्या आईवडिलांना ते ठाऊक आहे.

तो घरी आला. काही आठवडे लागले, पण आला. सर्वांचेच असे होत नाही. अशा रीतीने टाकून दिलेल्या दर्यावर्दींमध्ये अलीकडे भारतीयांची संख्या फार मोठी आहे.

गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक तत्त्ववेत्त्याची आम्हांला त्या दिवसांत आठवण झाली. पहिल्या महायुद्धात तो रेडक्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत होता. त्याच्यासमोर नावांची कार्डे असत आणि दारात त्या नावांची आई, बायको, बहीण उभी असे. कार्डावरचे नाव आणि दारातले माणूस यांत काय अंतर आहे, हे त्याला तेथे कळले, आणि माणसाने माणसाजवळ खरेखुरे ‘असणे’ म्हणजे काय, हा त्याच्या पुढच्या चिंतनाचा मोठा विषय झाला. आम्ही त्याच्यावर परीक्षेत पाने भरून लिहिले होते, गुणही चांगले मिळाले होते.

आपल्या ख्रिस्तसभेला हे अंतर ठाऊक नाही असे नाही. दर्यावर्दींमधील प्रेषितकार्य ४ ऑक्टोबर १९२० रोजी ग्लासगो शहरात सुरू झाले. आज ते ‘स्टेला मारिस’, म्हणजे सागरतारा, या पवित्र मरियेच्या नावाने ओळखले जाते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ जानेवारी १९९७ रोजी त्यासाठी जे नियम घालून दिले, त्यांत सागरी लोक कोणाला म्हणावे हे ठरवून दिले आहे. जहाजावर काम करणारे तर त्यात आहेतच. त्यांची पत्नी, लहान मुले आणि त्याच घरात राहणारी माणसेही आहेत. आम्ही हे वाचले तेव्हा चमकलो. ज्या बाईने आयुष्यात कधी जहाजावर पाऊल ठेवले नाही, ती ख्रिस्तसभेच्या लेखी सागरी माणूस आहे! तेव्हा आमच्या दारात खोली मागायला आल्या त्या काही आगाऊ मागणी करीत नव्हत्या.

वेगळी चूल कशाला, असे आम्ही विचारले होते. संत मार्कच्याच शुभवर्तमानाच्या शेवटी काही स्त्रिया भल्या पहाटे कबरेकडे निघतात. त्याच स्त्रिया क्रुसाजवळही दुरून पाहत एकत्र उभ्या होत्या. संत मत्तयच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्यात जब्दीच्या मुलांची आई होती, जिचे दोन्ही मुलगे होडी सोडून गेले होते. वाटेत त्यांचे काय बोलणे चालले होते? पुनरुत्थानावर चर्चा नव्हती. कबरेच्या तोंडावरचा दगड कोण लोटणार, ही चिंता होती. घरची, हाताशी असलेली, खरी अडचण. तिसऱ्या शनिवारच्या खोलीत असलेच प्रश्न असतात. शाळेच्या दाखल्यावर वडिलांची सही कोण करणार? सासऱ्यांच्या ऑपरेशनला रक्त कोण देणार? त्या स्त्रियांना पुनरुत्थानाची वार्ता सर्वांत आधी मिळाली, आणि ती दगडाची काळजी करीत एकत्र चाललेल्यांना मिळाली, याकडे आम्ही पॅरिश कौन्सिलच्या सभासदांचे लक्ष वेधू इच्छितो.

शिकवणीवर्गासाठी जुन्या वाचनालयाची खोली देता येईल. तेथील पंखा दुरुस्त करावा लागेल. त्याचा खर्च आम्ही पाहू.

या रविवारी नऊच्या मिस्सानंतर दर्यावर्दींच्या कुटुंबांसाठी विशेष प्रार्थना होईल. साक्रिस्तीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या माणसाचे नाव, जहाजाचे नाव आणि शेवटचे बोलणे कोणत्या तारखेला झाले, एवढे तीत लिहावे. त्या नावांनी प्रार्थना केली जाईल. कोळीबांधवांनी आपल्या होड्यांची नावेही लिहावीत, ऑगस्टला आता तीनच आठवडे उरले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही अशा आयांनी आमच्याकडे यावे, आम्ही लिहून घेऊ. तिसऱ्या शनिवारचा क्लब नेहमीप्रमाणे पाच वाजता भरेल. खोलीची किल्ली आता त्यांच्याकडेच असते. तेव्हा त्यासाठी आमच्या दाराची घंटा वाजवू नये.